मुलाला भाषा ‘येते’ म्हणजे काय?

पाचवी-सहावीच्या वर्गात फळ्यावर पुढील दोन वाक्ये लिहा.

१. सुधा म्हणते, की मीनाने स्वतःला फसवले.
२. सुधा म्हणते, की मीनाने आपल्याला फसवले.

आणि मुलांना एवढेच विचारा : फसले कोण? पहिल्या वाक्याला बहुतेक मुले ‘मीना’ असे उत्तर देतील. दुसऱ्या वाक्याला काही जण ‘सुधा’ म्हणतील, काही जण ‘आपण सगळे’ म्हणतील. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. पण दुसऱ्या वाक्यात मीनाने मीनालाच फसवले असा अर्थ सहसा कोणी लावणार नाही.

आता मुलांना विचारा, हे तुम्ही कशावरून ओळखले? उत्तर मिळणे कठीण. ‘तसंच असतं’ यापलीकडे बहुधा कोणी जाणार नाही. आपल्यालाही हा नियम चटकन सांगता येईल का? शाळेतल्या व्याकरणात आपण ‘स्वतः’ आणि ‘आपण’ ही आत्मवाचक सर्वनामे असल्याचे पाठ केले. ‘स्वतः’ आपला धनी जवळच्याच वाक्यात शोधतो आणि ‘आपण’ मात्र त्याबाहेरच्या मोठ्या वाक्यात जाऊ शकतो, हे त्या पुस्तकात नव्हते. काशी वाली यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याचा पद्धतशीर अभ्यास केला. पण त्याआधीही मराठी बोलणारा प्रत्येक माणूस हा नियम बिनचूक पाळतच होता.

कोणी न शिकवलेले, सांगता न येणारे, तरीही पक्के असे हे जे ज्ञान आहे, त्याला भाषाशास्त्रात ‘भाषिक क्षमता’ म्हणतात. ही क्षमता कशी असते, ती डोळ्यांना दिसत नसताना तिचा अभ्यास कसा करतात, आणि आपल्या वर्गाशी तिचा काय संबंध, ते या लेखात पाहू.

लिपीत नसलेला नियम

आणखी एक उदाहरण घेऊ. यासाठी कागद-पेन्सिलही लागत नाही. मोठ्याने म्हणा : ‘माझा, माझी’. मग म्हणा : ‘त्याचा, त्याची’. जिभेकडे लक्ष ठेवा. ‘त्याचा’ मधला ‘चा’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे लागते. ‘त्याची’ मधला ‘ची’ म्हणताना जीभ मागे सरकून टाळूकडे जाते. अक्षर एकच, पण उच्चार दोन. व्याकरणकार पहिल्याला दंततालव्य आणि दुसऱ्याला तालव्य म्हणतात.

कोणता उच्चार कुठे करायचा? पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार तालव्य होतो : ‘माझी’, ‘माझे मित्र’, ‘माझ्या’. गंमत म्हणजे ‘त्याचे घर’ असे पुस्तकी मराठीत वाचताना आपण तालव्य ‘चे’ म्हणतो, आणि तेच बोलताना ‘त्याचं घर’ म्हटले, की जीभ आपोआप दातांकडे येते. शब्द तोच, अर्थ तोच. शेवटचा स्वर बदलला म्हणून आधीचे व्यंजन बदलले.

हे वाचेपर्यंत तुमच्यापैकी अनेकांच्या हे लक्षातही आले नसेल. देवनागरीत यासाठी वेगळे चिन्ह आपण वापरत नाही, त्यामुळे लिहायला शिकताना हा फरक शिकवला जात नाही. तरी तीन-चार वर्षांचे मराठी बोलणारे मूल तो करते. म्हणजे मुलाने केवळ शब्द उचललेले नाहीत, तर शब्दांमागची व्यवस्थाही उचलली आहे.

क्षमता वेगळी, प्रयोग वेगळा

‘भाषा येणे’ आणि ‘भाषा वापरणे’ यांत फरक करण्याची कल्पना जुनी आहे. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे म्हणजे संस्कृत वाक्यांचा संग्रह नव्हे. योग्य ते शब्द आणि वाक्ये तयार कशी होतात याची ती नियमावली आहे. आधुनिक काळात स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांनी समाजाच्या मनात असणारी भाषाव्यवस्था आणि व्यक्तीचे प्रत्यक्ष बोलणे अशी विभागणी केली. त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आली.

आज आपण ज्या अर्थाने भाषिक क्षमता हा शब्द वापरतो तो अर्थ मात्र अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचा. त्या काळी मानसशास्त्रात वर्तनवादाचा जोर होता. मूल ऐकते, नक्कल करते, बरोबर आले की शाबासकी मिळते आणि सवय पक्की होते, असे बी. एफ. स्किनर यांचे प्रतिपादन होते. त्यांचे भाषेवरचे पुस्तक १९५७ मध्ये आले आणि १९५९ मध्ये चॉम्स्कींनी त्याचे कडक परीक्षण लिहिले. त्यांचा मुख्य आक्षेप साधा होता : आपण रोज बोलतो त्यातली असंख्य वाक्ये आपण पूर्वी कधीही ऐकलेली नसतात. नक्कल आणि सवय यांतून नवे वाक्य कसे निघणार? ज्याच्याकडे थोडे नियम आहेत आणि ते पुन्हापुन्हा वापरण्याची सोय आहे, तोच अगणित वाक्ये बनवू शकेल.

१९६५ च्या पुस्तकात चॉम्स्कींनी क्षमता आणि प्रयोग हा भेद स्पष्ट मांडला. क्षमता म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातले भाषेचे ज्ञान. प्रयोग म्हणजे त्या ज्ञानाचा प्रत्यक्ष वापर. वापरात थकवा येतो, लक्ष उडते, जीभ अडखळते, वाक्य अर्धवट राहते. म्हणून प्रयोगावरून क्षमतेचे थेट माप काढता येत नाही.

पुढील वाक्य वाचून पाहा :

सुरेशने रमेशला गीताने मीनाला शीलाला पत्र लिहायला सांगायला सांगितल्याचे कळवले.

डोके गरगरले ना? पण वाक्य चुकीचे नाही. पेन्सिल घेऊन बसलात, तर उलगडेल : पत्र लिहायचे शीलाने, तसे तिला सांगायचे मीनाने, मीनाला तशी सूचना दिली गीताने, आणि ही बातमी रमेशला दिली सुरेशने. म्हणजे वाक्याची रचना कळण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे. कमी पडते ती स्मरणशक्ती. एखाद्याला तीन अंकी संख्यांचा गुणाकार तोंडी जमला नाही म्हणून त्याला गुणाकार येत नाही असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

न दिसणाऱ्या गोष्टीचा अभ्यास

क्षमता मनात असते. ती काढून टेबलावर ठेवता येत नाही. पण विज्ञानात हे नवीन नाही. पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत कोणी गेलेले नाही. भूकंपाच्या लहरी कुठे वळतात, कुठे अडतात यावरून आपण त्याची रचना ठरवतो. भाषेच्या अभ्यासकांनीही असेच अप्रत्यक्ष मार्ग शोधले.

पहिला मार्ग आपण सुरुवातीलाच वापरला. बोलणाऱ्यापुढे वाक्ये ठेवायची आणि विचारायचे, असे म्हणता येईल का? याचा अर्थ काय होईल? कोणता अर्थ होणार नाही? न होणारा अर्थ हा इथे मोलाचा पुरावा असतो, कारण बोलणाऱ्याने तो अर्थ चुकीचा असल्याचे कोणाकडूनही ऐकलेले नसते.

दुसरा मार्ग जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. नियम माहीत आहे, की केवळ शब्द पाठ आहे, हे कसे ओळखायचे? बर्को यांनी युक्ती काढली : मुलाने कधीच ऐकला नसेल असा शब्द द्यायचा. त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र काढले आणि त्याला ‘वग’ असे नाव दिले. (आपल्या तमाशातल्या वगाशी याचा काही संबंध नाही!) चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्र दाखवून सांगितले, हा एक वग. मग दोन प्राणी दाखवून विचारले, आता हे दोन कोण? बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असे इंग्रजी नियमानुसार अनेकवचन केले. हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता, म्हणजे नक्कल शक्यच नव्हती.

याच प्रयोगात आणखी एक सुरेख गोष्ट दिसली. ‘ग्लास’ या ओळखीच्या शब्दाचे ‘ग्लासेस’ हे अनेकवचन ज्या मुलांना येत होते, त्यांतल्या अनेकांना ‘टास’ या बनावट शब्दाचे अनेकवचन करता आले नाही. ती ‘दोन टास’ असेच म्हणत राहिली. म्हणजे ‘ग्लासेस’ हे रूप त्यांना शब्द म्हणून येत होते, नियम अजून हाती आला नव्हता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन बरोबर उत्तरांमागे वेगवेगळे ज्ञान असू शकते, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चूक काय सांगते?

लहान मुलांच्या तोंडी ‘मी करलं’, ‘तो जाला’ अशी रूपे ऐकू येतात. आपण हसतो आणि दुरुस्त करतो. पण थोडे थांबून पाहू. ‘बस-बसला’, ‘पळ-पळाला’, ‘वाच-वाचलं’ या ओळीत ‘कर-करलं’ अगदी चपखल बसते. ‘केलं’ हेच खरे तर नियमाला सोडून आहे. घरात मोठी माणसे ‘केलं’ म्हणतात. मग ‘करलं’ मुलाने कोणाकडून ऐकले? बहुधा कोणाकडूनच नाही. ते त्याने तयार केले.

अनेक भाषांत असे दिसते, की मूल आधी ‘केलं’ सारखे रूप अचूक वापरते, मग काही काळ ‘करलं’ सारखे रूप वापरू लागते आणि त्यानंतर पुन्हा अचूक रूपाकडे येते. मधल्या काळात मूल मागे गेले असे वाटते. प्रत्यक्षात ते पुढे गेलेले असते. सुरुवातीचे ‘केलं’ हा पाठ झालेला शब्द होता. ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलाच्या हाती नियम आला आहे; अपवाद शिकायचे बाकी आहेत.

म्हणून अभ्यासकाच्या दृष्टीने बरोबर उत्तरापेक्षा चूक अनेकदा अधिक बोलकी असते. चूक विस्कळीत आहे, की तिला काही ठेवण आहे, हे पाहायचे. ठेवण असेल, तर मागे नियम आहे.

बोलायला लागण्याच्या आधी

बोलता न येणाऱ्या बाळाला प्रश्न कसा विचारणार? त्यासाठीही युक्त्या आहेत. बाळाला एकच आवाज पुन्हापुन्हा ऐकवायचा. आवाज बदलला, की बाजूला ठेवलेले खेळणे उजळते आणि हलते. काही वेळाने बाळ शिकते : आवाज बदलला, की तिकडे मान वळवायची. मान वळली, तर बाळाला फरक कळला.

कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी ही पद्धत वापरून १९८४ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो आपल्याला विशेष जवळचा आहे. त्यांनी निवडलेल्या ध्वनींत हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ या ध्वनींची जोडी होती. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा फरक ऐकून ओळखणे फार जड जाते. पण इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळला. हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र तो कळत राहिला. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमाराला बाळाने आपल्या भाषेत कोणते फरक कामाचे आहेत ते निवडून ठेवलेले असते.

दुसरा प्रयोग १९९६ चा, जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. मग बाळाला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कसे कळते? आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी ‘बिडाकू’, ‘पाडोटी’ असे तीन-तीन अक्षरांचे चार बनावट शब्द, उलटसुलट क्रमाने, कुठेही न थांबता, सपाट यांत्रिक आवाजात दोन मिनिटे ऐकवले. यात ‘बि’ नंतर नेहमीच ‘डा’ येत होता, पण ‘कू’ नंतर काय येईल याचा भरवसा नव्हता. नंतर घेतलेल्या चाचणीत बाळांनी हे ‘शब्द’ आणि शब्दांच्या सांध्यावर पडणारे तुकडे यांत फरक केला. कोणत्या ध्वनीमागून कोणता ध्वनी किती वेळा येतो याचा हिशेब त्यांनी दोन मिनिटांत ठेवला होता.

उपजत किती, शिकलेले किती?

इथे भाषाशास्त्रज्ञांत मोठा वाद आहे, आणि तो मिटलेला नाही. चॉम्स्कींच्या मते मुलाच्या कानावर पडणारी भाषा तुटपुंजी आणि विस्कळीत असते. तेवढ्या सामग्रीतून इतके नेमके व्याकरण उभे राहते, त्याअर्थी भाषेचा सर्वसाधारण आराखडा माणसाला उपजतच मिळालेला असला पाहिजे. उलट, मायकल टोमासेलो यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, की समोरच्याचा हेतू ओळखणे आणि ऐकलेल्यातून नमुने शोधणे या माणसाच्या सर्वसाधारण क्षमता त्यासाठी पुरेशा आहेत. सॅफ्रन यांच्या प्रयोगाने या दुसऱ्या बाजूला बळ मिळाले.

निकाराग्वातल्या घटनेने या वादाला वेगळेच वळण दिले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या राजधानीत, मानाग्वामध्ये, कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. तोवर ही मुले आपापल्या घरी एकेकटी होती. शाळेत भर होता तो स्पॅनिश बोलायला आणि ओठ वाचायला शिकवण्यावर. ते फारसे साधले नाही. पण मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये मुले एकमेकांशी खुणांनी बोलू लागली आणि त्यातून नवी खुणांची भाषा जन्माला आली. ॲन सेंघास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की नंतरच्या तुकड्यांतल्या मुलांनी ती भाषा अधिक पद्धतशीर केली. चेंडूसारखे गडगडत उतारावरून खाली जाणे दाखवताना पहिल्या तुकडीतले लोक बहुधा एकाच हालचालीत सगळे दाखवत. लहान वयात आलेली पुढची मुले ‘गडगडणे’ आणि ‘खाली जाणे’ असे दोन घटक वेगळे करून एकामागून एक मांडू लागली. हे विभाजन त्यांना कोणत्याही शिक्षकाने दिलेले नव्हते.

गेल्या काही वर्षांत या वादात संगणकही उतरला आहे. आजची संगणकीय भाषा-प्रारूपे सफाईदार वाक्ये लिहितात आणि त्यांना उपजत व्याकरण दिलेले नसते. मात्र त्यांना त्यासाठी काही लाख कोटी शब्द वाचायला घालावे लागतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर तोवर पडलेले शब्द दहा कोटींच्या आसपास असावेत असा अंदाज केला जातो. इतक्या थोड्या शिदोरीवर मूल हे कसे करते, हा प्रश्न त्यामुळे पुसला गेलेला नाही, उलट अधिक ठळक झाला आहे.

व्याकरण आले, म्हणजे पुरे का?

डेल हाइम्स या मानववंशशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये चॉम्स्कींच्या व्याख्येवर एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. व्याकरणशुद्ध वाक्य कोणते, हे कळणे पुरेसे नाही. कोणाशी, कुठे, केव्हा, काय बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हेही कळावे लागते. त्याला त्यांनी संवादक्षमता म्हटले.

मराठी मुलाला हे फार लवकर शिकावे लागते. अनेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. आजीला कुठे ‘तू’ तर कुठे ‘तुम्ही’. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांत समोरच्याला धरायचे की वगळायचे, हे ठरते. मोठ्यांसमोर किती बोलायचे याचेही प्रत्येक घराचे नियम असतात. ते पाळणारे मूल वर्गात गप्प बसले, तर त्याला भाषा येत नाही असे म्हणायचे, की फार चांगली येते असे म्हणायचे?

हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत असा एक विचार प्रबळ होता, की गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांना घरून पुरेशी भाषाच मिळत नाही. पुरावा काय? तर चाचण्या. चाचणीत मुलासमोर एखादी वस्तू ठेवायची आणि म्हणायचे, याविषयी जेवढे सांगता येईल तेवढे सांग. मुले एकेका शब्दात उत्तरे देत, मध्येच लांबलचक शांतता पसरे.

विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काम करून या पुराव्यालाच हात घातला. त्यांचे सहकारी क्लॅरेन्स रॉबिन्स हार्लेममध्येच वाढलेले होते. त्यांनी लिऑन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाची मुलाखत त्याच्याच घरी घेतली. तरीही मुलगा गप्पच. उत्तरे एका-दोन शब्दांची. पुढच्या वेळी रॉबिन्स यांनी काही गोष्टी बदलल्या. बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट आणले, लिऑनच्या जिवलग मित्राला बरोबर घेतले, स्वतः जमिनीवर बसले, आणि मोठ्यांसमोर जे विषय निघत नाहीत ते मोकळेपणाने काढले. तोच लिऑन आता मध्येच तोंड घालू लागला, वाद घालू लागला. दोन्ही मुलांची बोलण्यासाठी चढाओढ लागली. एका मुलाखतीपासून दुसऱ्या मुलाखतीपर्यंत त्याची क्षमता वाढलेली नव्हती. बदलली होती ती परिस्थिती.

या मुलांच्या बोलीत व्याकरण नाही, हा समजही लबॉव्ह आणि इतरांच्या अभ्यासाने खोटा ठरवला. उदाहरणार्थ, त्या बोलीत ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो नेहमी कामावर असतो, आणि ‘ही वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतो आहे. प्रमाण इंग्रजीच्या कानाला दोन्ही चुका वाटतात. बोलीत तो अर्थाचा काटेकोर फरक आहे. १९७९ मध्ये मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथल्या एका खटल्यात हा अभ्यास न्यायालयापुढे आला. तिथल्या काही कृष्णवर्णीय मुलांना शाळेने अध्ययनात अक्षम ठरवले होते. न्यायालयाने शालेय प्रशासनाला आदेश दिला, की वाचन शिकवताना मुलांची घरची बोली लक्षात घेण्याची तयारी शिक्षकांकडून करून घ्यावी.

आपल्या वर्गात

आपल्याकडेही असे प्रसंग रोज घडतात. सोलापूर-लातूरकडच्या एखाद्या मुलाने ‘मी काम केलो’ असे लिहिले, की लाल शाईची रेघ येते. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्माप्रमाणे चालते : ‘मी काम केले’, ‘मी भाकरी खाल्ली’. या मुलाच्या बोलीत ते कर्त्याप्रमाणे चालते. त्याने नियम मोडलेला नाही. दुसरा नियम पाळला आहे. महाराष्ट्रात गावोगावी असे किती नियम नांदतात, हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातून समोर आले आहे.

मेळघाटातल्या कोरकू मुलाची अडचण आणखी वेगळी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्यात नामांची विभागणी होते ती सजीव आणि निर्जीव अशी. गोंडी द्राविड कुळातली; तिथे एकीकडे पुल्लिंग आणि दुसरीकडे बाकी सगळे असे दोनच गट. अशा मुलाला दगड ‘तो’, वाट ‘ती’ आणि झाड ‘ते’ कशासाठी, हे कळायला वेळ लागणारच. मराठीत तरी त्याला काय कारण आहे? त्याचा गोंधळ बुद्धीचा नसून दोन व्यवस्थांचा आहे.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये, असा मुळीच नाही. पाठ्यपुस्तके, परीक्षा, अर्ज, नोकरी या सगळ्यांची वाट तिच्यातून जाते, आणि ती नीट शिकण्याचा प्रत्येक मुलाला हक्क आहे. पण ‘तुला येत नाही’ असे म्हणून शिकवणे आणि ‘तुमच्याकडे असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात, दोन्ही मांडून पाहू’ असे म्हणून शिकवणे, यांत फरक आहे. पहिल्या पद्धतीत मूल आपल्या घराच्या भाषेबद्दल ओशाळते आणि हळूहळू बोलेनासे होते. दुसऱ्या पद्धतीत त्याला आधीच माहीत असलेल्या नियमाचा आधार घेऊन नवा नियम दाखवता येतो.

करून पाहा

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक विचित्र प्राणी काढा. त्याचे नाव ‘टुमगा’. ‘हा एक टुमगा. आता हे दोन...?’ वाक्य मुलांना पुरे करू द्या. मग, ‘याला भूक लागली आहे. आपण कोणाला खाऊ देऊ या?’ उत्तर ‘टुमग्याला’ आले, की ‘टुमगाला’? त्याच्या बायकोचे नाव विचारा; अशा दोघी असतील, तर काय म्हणाल? दुसरा प्राणी ‘पुमचा’. एक पुमचा, दोन पुमचे : मुलाचा ‘च’ दातांकडून टाळूकडे सरकतो का, ते कान देऊन ऐका. ज्यांची घरची भाषा मराठी नाही अशा मुलांना हाच खेळ त्यांच्या भाषेत त्यांच्याच एखाद्या मोठ्या भावंडाकरवी खेळायला सांगा.

प्रत्येक मुलाचे उत्तर जसेच्या तसे वहीत टिपा, लगेच दुरुस्त करू नका. महिनाभरानंतर पाने उलटताना कोणत्या चुका पुन्हापुन्हा आल्या ते शोधा, आणि त्या कोणत्या नियमातून आल्या असतील, याचा वर्गातल्या मुलांबरोबर बसूनच विचार करा.